माशीवर कोण उभं होतं

परवा पहाटे तोंड धुवायला परसात गेलो तर दक्षिणेला डोंगराच्या खांद्यावर अगस्ती दिसला. पाऊस जरा उघडला होता, आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं होतं, आणि त्यात तो एकटाच, मोठा, थोडा थरथरणारा. बाकीच्या चांदण्या आपापल्या जागी बसलेल्या असतात. हा नेहमी नुकताच कुठून तरी आल्यासारखा वाटतो. मी चूळ भरायची विसरून बघत राहिलो. मग पिंपात हात घातला. पाणी गार होतं.

आमच्याकडची जुनी माणसं मानतात की अगस्ती उगवला म्हणजे ओढ्याचं गढूळ पाणी निवळायला लागतं. कतारमध्ये ह्याच ताऱ्याला सुहैल म्हणतात, आणि तिथली जुनी माणसंही त्याचा संबंध पाण्याशीच लावतात. तिथं उन्हाळ्यात गार पाण्याचा नळ सोडला तरी हात पोळतो. गच्चीवरच्या टाक्या दिवसभर तापतात. लोक गिझर बंद ठेवतात आणि त्यातलं पाणी गार म्हणून वापरतात, असा सगळा उलटा कारभार. मग एका सकाळी नळाखाली हात धरावा आणि तो पोळू नये. ड्रायव्हर, माळी, मोलकरणी, सगळे एकमेकांना सांगत सुटतात, सुहैल आला. इंदू, माझी बायको, म्हणायची, आपलोच अगस्ती तो, हय नोकरीक इलो म्हणान नाव बदलल्यान.

ती असती तर परवा हाक मारून दाखवला असता. नाही, तर नाही.

काल पुतण्या आला होता. माकडं नारळ टिकू देत नाहीत, डुकरं भात लोळवतात, हे नेहमीचं रडगाणं लावलं. मग म्हणतो, काका, तुमच्या नावावर शेतीसाठी बंदुकीचा परवाना काढूया, तुम्ही नुसती सही करा, बंदूक मी निवडून आणतो. मी म्हटलं, बंदूक दुसऱ्यानं निवडून आणायची वस्तू नाही, आणि मला ती नकोच. का, म्हणाला. मी चहा घे म्हटलं. त्याला काय सांगणार? मी आयुष्यात एकदाच बंदूक खांद्याला लावली. काही मारायला नाही. एका माणसाला बघायला लावली. ते माणूस दिसलं का, हे सांगायचं तर दोह्यातल्या त्या घरापासून सुरुवात करायला हवी, आणि एका शब्दापासून.

घर मदिनत खलीफा नावाच्या वस्तीत होतं. उंच भिंतीच्या आत बंगला, फाटकाजवळ आम्हा नोकरांच्या खोल्या, मागं स्वयंपाकघर वेगळं. मी ड्रायव्हर. इंदू स्वयंपाकाला. दोघांचा व्हिसा एकाच घराचा, हे नशीबच म्हणायचं. माझ्या ओळखीची बाकी माणसं नजमा भागात एकेका खोलीत रचून ठेवल्यासारखी राहायची आणि त्यांच्या बायका गावी. मालकाला बाबा म्हणायचं आणि मालकिणीला मामा, असा तिथला रिवाज. बाबा माझ्यापेक्षा वयानं लहान, पण बाबा. इंदूला पहिल्या वर्षी हसू आवरायचं नाही. माझो मामा कणकवलीक, म्हणायची, आणि ही मामा माका भांडी घासूक सांगता. मामांच्या समोर मात्र कधी हसली नाही.

आमची भाषा म्हणजे खिचडी. थोडं हिंदी, थोडं अरबी, उरलेलं हातवारे. दोह्यात एखादी वस्तू नाही असं सांगायचं तर माफी म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा किराणावाला माझी माफी का मागतोय. त्याआधी मी मस्कतकडे नोकरीला होतो, तिथं नाहीला माशी म्हणतात. साखर आहे का विचारलं तर माशी. म्हणजे नाही, संपली. आणि मिसरी माणूस, म्हणजे इजिप्तचा, माशी म्हणाला तर त्याचा अर्थ बरं, चालेल, ठरलं. शब्द एकच, मुलूख बदलला की नाहीचं हो होतं. आपल्याकडं बंदुकीच्या नळीच्या टोकाला नेम धरायला जो बारीक उंचवटा असतो, त्यालाही माशीच म्हणतात. हे उगाच सांगत नाही, पुढं लागणार आहे.

बाबांचे वडील त्याच घरात राहायचे. सगळे त्यांना शेबा म्हणायचे. शेबा म्हणजे म्हातारा, पण तिथं तो मानाचा शब्द आहे. शेबा बोलायचा कमी. मजलिशीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, दाराकडं तोंड करून बसायचा आणि त्याच्या डोक्यावर भिंतीला त्याची रायफल टांगलेली असायची. तरुणपणी ती घेऊन तो वाळवंटात शिकारीला जायचा. बाबांना त्यानं तिला कधी हात लावू दिला नाही. कायदाच तसा. परवाना एका माणसाच्या नावाचा, दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही, मुलगा असला तरी. इंदूला ह्यात नवल वाटलं नाही. तिच्या वडलांकडं डुकरांसाठी ठासणीची बंदूक होती, तिचाही परवाना त्यांच्या एकट्याचा, आणि निवडणूक आली की ती ठाण्यात नेऊन जमा करायची. लहानपणी ती वडलांबरोबर बंदूक पोचवायला जायची. म्हणायची, सासरी पोरगी धाडतत तशी धाडू ती.

एका उन्हाळ्यात शेबा गेला. परवाना माणसाबरोबर संपतो. पोलीस आले, अदबीनं आले, कॉफी घेतली आणि रायफल घेऊन गेले. भिंतीवर तिच्या आकाराची फिकट जागा राहिली. मामांनी रंगारी बोलावून भिंत रंगवून घेतली. पण दोह्यात त्या दिवसांत हवा इतकी ओली होते की काचांवर आतून बाहेरून घाम फुटतो, तसा त्या भिंतीलाही फुटला आणि फिकट जागा पुन्हा वर आली. दस्ता, नळी, सगळं ओळखू येत होतं. मामांनी तिथं सोनेरी चौकट टांगली. चौकट चौकोनी. नळी बाहेर उरली.

त्याच वर्षी बाबांच्या मनानं घेतलं की आपलाही परवाना काढायचा. त्यांनी आजवर बंदूक धरलेली नव्हती. ऑफिसातला माणूस, पोट सुटलेलं, उन्हात डोळे बारीक करणारा. कशाला, असं मामांनी विचारलं, तर म्हणाले, भिंत रिकामी आहे. परवान्याला बराच काळ गेला. चौकश्या झाल्या, कुणाकुणाच्या ओळखी लागल्या, डोळे तपासून झाले. अखेर मिळाला तो एका बंदुकीचा. शिकारीची चालेल, लष्करी जातीची नाही, आखूड नळीची नाही. आणि दुकानात एकदा परवान्यावर बंदुकीचा नंबर चढला की चढला. आवडली नाही म्हणून बदलून मिळणार नाही. त्यामुळं बाबा घाबरले. गाडीत मागं बसून रोज मला विचारायचे की तुमच्या मुलखात बंदूक कशी निवडतात. मी म्हटलं, मला नाही माहीत, माझ्या बायकोला माहीत आहे.

ते हसले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले, विचार तिला.

इंदू तेव्हा ओट्याशी मासे साफ करत होती. हात धुतले, पदर खोचला आणि कोपऱ्यातला मॉप उचलून त्याचं पाण्याचं टोक मागं करून दांडा खांद्याला लावला. मी दारात उभा. तिनं डोळे मिटले. म्हणाली, असे डोळे मिटायचे. खांद्याक लावायची. घाई नाय. मगे डोळे उघडायचे आणि माशी खय बसली ता बघायचा. माशी सरळ नजरेर इली, तर ती बंदूक आपली. खाली गेली, वर गेली, तर ती दुसऱ्याची, दुकानात ठेवायची.

"आणि माशीर माणूस दिसलो," ती म्हणाली, "तर ती कितीव बरी आसली तरी हातात घेव नये."

मी म्हटलं, समोर माणूस असला तर दिसणारच की. म्हणाली, समोर नसलेलो दिसता. तिच्या वडलांनी बेळगावात पहिली बंदूक घेताना तसंच झालं होतं. डोळे उघडले तर माशीवर त्यांचा धाकटा भाऊ. भाऊ तर गावात, घरी. तरी त्यांनी तीच बंदूक घेतली, कारण अंगाला बसली होती. त्या वर्षी गणपती यायच्या आत भाऊ तापानं गेला. म्हणून त्यांच्या घरात ती रीत पडली. माशीवर दिसतात ती गेलेली माणसं, नाही तर जायची असलेली.

एवढं सांगून तिनं डोळे उघडले. दांड्याच्या टोकाला मी. मग मॉप खाली ठेवला आणि म्हणाली, "तुमीच दिसलास. ह्यो दांडो नको माका."

दोघंही हसलो. पण त्यानंतर बरेच महिने मी छातीत जरा दुखलं की त्या दांड्याचा विचार करायचो. इंदू वैतागायची. मॉप म्हणजे काय बंदूक, म्हणायची.

दुकान जुन्या बाजारात, नजम्याच्या पलीकडं. बाहेर ऊन पांढरं पडलेलं आणि आत इतकं थंड की घाम अंगावरच वाळला. तेलाचा वास. बंदुका भिंतीला साखळीनं बांधलेल्या. गल्ल्यावरचा माणूस मिसरी, चष्मा कपाळावर, गोड बोलणारा. त्यानं मला आधीच सांगितलं की मी आत थांबू शकतो, पण हात मागं ठेवायचे. मी हात मागं बांधून उभा राहिलो, शाळेत उभा राहायचो तसा. शाळा चौथीलाच सुटली, पण ते उभं राहणं अंगात राहिलंय.

बाबांना मी इंदूचं सगळं सांगितलं होतं, माणसाचंही. माशीला अरबी शब्द मला माहीत नव्हता, म्हणून माशीच म्हटलं आणि बोटाच्या टोकानं दाखवलं. बाबांनी मान डोलावली होती.

पहिली बंदूक घेतली, डोळे मिटले, उघडले. माशी जमिनीत. दुसरी. माशी छताला. मिसरीला वाटलं असेल आमची काही प्रार्थना चाललीय. मग त्यानं मागच्या फळीवरून एक काळपट लाकडाची रायफल काढून दिली. बाबांनी ती खांद्याला लावली. डोळे मिटले.

उघडले, आणि हलेनात.

एसीचं पाणी कुठं तरी टपकत होतं. बाबांचे ओठ किंचित हलले. मी नळीच्या दिशेनं बघितलं. दुकानाचं दार. बंद. काचेतून नुसतं ऊन. कुणी नव्हतं. तरी बाबांनी मान वाकवली, वडीलधारं माणूस खोलीत आलं की आपण वाकवतो तशी. मला वाटलं काही तरी बोलावं, माणसाला जागं करावं. मी विचारलं, "बाबा, माशी? माशी?"

म्हणजे, माशी कुठं आहे.

मिसरी माणसानं वर बघितलं. त्यानं ऐकलं, ड्रायव्हर मालकाला मिसरी बोलीत विचारतोय की ठरलं का, आणि मालकानं तर आत्ताच मान हलवली. तो खूश झाला.

"माशी, माशी," तो म्हणाला. "खलास. मबरूक." म्हणजे झालं, अभिनंदन.

आणि चष्मा डोळ्यांवर ओढून त्यानं नंबर चढवला. मी ला, ला, म्हणजे नाही, नाही, असं ओरडेपर्यंत शिक्का पडला होता. मी त्याला समजवायला लागलो की आमच्यात माशी म्हणजे ते नाही, आमच्यात माशी म्हणजे हे, आणि बंदुकीच्या टोकाकडं बोट केलं तर तो घाबरून म्हणाला, हात मागं. बाबांनी रायफल सावकाश खाली घेतली आणि सही केली.

परत येताना ते मागं बसले नाहीत, माझ्या शेजारी पुढं बसले. मोठ्या चौकातला सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला, तरी मला गाडी काढायचं सुचलं नाही, आणि त्यांनीही टोकलं नाही. मग म्हणाले, त्यांच्या मोडक्या हिंदीत, "मेरा शेबा उदर खडा था. दरवाजे में. गुस्सा नहीं था."

मी म्हटलं, बाबा, चूक माझी जीभ करून बसली, पण माझी बायको सांगते तसली बंदूक घेऊ नये. आपण जाऊन पोलिसांना सांगू, कुठं तरी अर्ज करू.

बाबांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांना घर सोडायला सांगतोय.

"क्यों छोडेगा," म्हणाले. "वो उसी में तो है."

इंदूला हे सांगितलं तेव्हा ती कोथिंबीर निवडत होती. तिनं मला बोल लावला नाही, हसली पण नाही. एवढंच म्हणाली की आता तो थयच रवतलो. त्या दिवसापासून मजलिस झाडायला जाताना ती डोक्यावरून पदर घ्यायची. गावी सासऱ्यासमोर घ्यायची तसा. रिकाम्या खोलीत, एसी बंद, पडदे लावलेले, आणि ही पदर घेऊन खाली मान घालून गालिचा झाडतेय, दाराजवळचा भाग तेवढा सोडून. एकदा मी चेष्टा केली की शेबा अरबी आहे, त्याला आपला पदर काय कळणार. म्हणाली, पदर सगळ्यांका कळता.

सोनेरी चौकट निघाली. रायफल त्या फिकट जागेवर गेली. पहिलीच्या कंपनीची नव्हती, दुसऱ्या, तरी आकाराला आकार असा बसला की भिंतीनंच ती मागवली असावी.

त्या हंगामात बाबा दोस्तांबरोबर शिकारीला निघाले. गाडी मीच हाकायचो. समैस्मा गावाच्या बाजूनं वर गेलं की समुद्र उजवीकडं राहतो आणि मग नुसती सपाट जमीन, खडी आणि खुरटी झुडपं. कुणाचा तरी गोठा होता तिथं, बकऱ्यांचा वास, पाण्याची टाकी, बसायला सतरंज्या. दिवस मावळताना दोस्त लोक एक पेटी लांब नेऊन ठेवायचे. तिला भोंगा. आत करवान पक्ष्याचा आवाज भरलेला. करवान म्हणजे आपल्या माळावरचा तो लांब पायांचा, पिवळ्या डोळ्यांचा पक्षी, अंधार पडायला लागला की रडल्यासारखा ओरडणारा. उत्तरेकडून थव्यानं येतात ते, सुहैल आला की.

पेटी रडायला लागायची. चढत जाणारा आवाज, वर जाऊन तुटणारा, पुन्हा पहिल्यापासून. ज्या पक्ष्याचा तो आवाज, तो कधीच मेला असणार. कुणाच्या तरी जेवणात गेला असणार. आणि हा इथं बोलावतोय. आधी आभाळ रिकामं असायचं. मग लांबून उत्तर यायचं. मग जवळून. मग आपल्या डोक्यावर पंखांचा आवाज, आणि ते पेटीभोवती फिरत राहायचे, खाली बघत, बोलावणारा कुठं आहे म्हणून. बार झाले, त्यातले दोन-चार पडले, पेटी बंद केली, तरी उरलेले फिरायचेच. मला ते बघवायचं नाही. मी गाडीत बसून काचा वर करायचो. आवाज तरी यायचा.

बाबांची पाळी आली की सगळे थांबायचे. ते रायफल खांद्याला लावायचे, धरून ठेवायचे, आणि खाली घ्यायचे. पुन्हा लावायचे, पुन्हा खाली. दोस्त आधी समजूत घालायचे, मग टोमणे मारायला लागले. एक जाडा दोस्त म्हणाला की तुझी बंदूक फार लाजते, तिला एक अबाया, म्हणजे बायकांचा काळा झगा, शिवून घे. सगळे खिदळले. बाबाही हसले. गाडीत बसल्यावर मी विचारलं, काय झालं. म्हणाले, बीच में आता है.

त्यांनी त्या रायफलनं एकही बार काढला नाही. त्या वर्षी नाही आणि पुढंही नाही. पण दर वर्षी, नळाचं पाणी गार झालं की, एका दुपारी मजलिशीचं दार आतून बंद व्हायचं. आम्हा सगळ्यांना माहीत असायचं. बाबा रायफल उतरवून तेल द्यायचे, पुसायचे, मग ती खांद्याला लावून दाराकडं बघत बसायचे. मामासुद्धा त्या वेळी हाक मारायच्या नाहीत. बाहेर यायचे तेव्हा त्यांचा चेहरा हलका झालेला असायचा, लांबच्या माणसाला भेटून आल्यावर होतो तसा. मला बघितलं की विचारायचे, "माशी?" मीही म्हणायचो, "माशी." त्या दुकानातल्या गोंधळावर आमचा तो विनोद होऊन बसला होता. बरं का? बरं. घरातली सगळी तो शब्द वापरायला लागली. मामा इंदूला मीठ बरोबर झालं का विचारताना म्हणायच्या, माशी? इंदू म्हणायची, माशी, आणि माझ्याकडं बघून मान वळवून हसायची.

वर्षं गेली. मग तिला पोटाचं निघालं. तिथल्या हॉस्पिटलात दाखवलं, ऑपरेशन गावी माणसांत करूया असं ठरलं. मी तिला विमानतळावर सोडलं. तिच्या हातात खजुराचा डबा होता. काचेच्या आत गेल्यावर ती वळली का नाही, मला आठवत नाही. खूप वेळा आठवून बघितलंय. एवढंच आठवतं की माझ्यासमोर एक मोठं कुटुंब होतं, सामानाच्या गाड्या होत्या, आणि मी मान उंच करत होतो.

ऑपरेशन झालं, आणि नंतर ताप चढला. फोन आला तेव्हा मी निघालो, पण विमान, गाडी, घाट, ह्या सगळ्याला जो वेळ लागतो तो लागतोच. आमच्याकडं त्या दिवसांत पाऊस होता, गेलेलं माणूस फार वेळ थांबवून धरता येत नाही. मी पोचलो तेव्हा राखही निवली होती. शेजारणींनी सांगितलं की चेहरा शांत होता. सगळ्या गावानं बघितला. भावानं, भावजयीनं, दूध घालणाऱ्यानं बघितला. मी नाही बघितला. डोळे मिटले की मला ती दिसायची नाही, विमानतळावरचं ते मोठं कुटुंब दिसायचं आणि त्यांच्या सामानाच्या गाड्या.

दिवस करून मी परत दोह्याला गेलो. घरी बसून भिंती किती बघायच्या. स्वयंपाकघरात दुसरी बाई आली, चांगली होती, रोज विचारायची जेवलास का. मला तिचा राग यायचा. तिचा काय दोष, पण यायचा. ती त्याच मॉपनं फरशी पुसायची.

पुढच्या सुहैलला मी बाबांना म्हटलं, मला एकदा ती खांद्याला लावू द्या.

त्यांना लगेच कळलं. मान खाली घालून म्हणाले, ममनू. मनाई आहे. ते मलाही माहीत होतं. कुणी बघितलं तर त्यांचा परवाना जाणार, वर खटला, आणि मला पहिल्या विमानानं घरी. मी म्हटलं, बरोबर आहे, आणि गाडी पुसायला गेलो. पुन्हा विषय काढला नाही. त्या वर्षी बाबांनीही मजलिशीचं दार बंद करून घेतलं नाही. मला वाटलं, मी मागितलं आणि त्यांचंही घालवलं.

मग एका दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. मजलिशीत एसी बंद होता. मागच्या खिडकीचा पडदा, जो कधी उघडत नाही, तो बाजूला केलेला. त्या खिडकीतून अंगण आणि पलीकडं स्वयंपाकघराचं दार दिसतं. रायफल गालिच्यावर होती. त्यांनी ती उघडून मला रिकामी असल्याचं दाखवलं, आत बोट घालून दाखवलं, आणि पुन्हा ठेवली. नमाजाची वेळ होत आली होती.

"मैं हात-पाँव धोने जाता है," म्हणाले. "पानी ठंडा हो गया. मैं इदर नहीं था."

आणि गेले.

मी तिला उचललं. वाटली होती त्यापेक्षा जड. तेलाचा वास, आणि त्याखाली बाबांच्या अत्तराचा. लाकडाला गाल टेकला तर ते एका जागी गुळगुळीत झालेलं होतं, इतकी वर्षं तिथं एकच गाल टेकत होता. मी खिडकीकडं तोंड केलं आणि डोळे मिटले.

घाई नाय, असं ती म्हणाली होती. मी घाई केली नाही. मिटलेल्या डोळ्यांत मी ते दार बसवलं. ती कशी उभी राहायची ते बसवलं, डाव्या पायावर भार, खोचलेला पदर, ओले हात अंगापासून लांब धरलेले. म्हटलं, तुझ्याच रीतीनं आलोय. तुझाच शब्द होता. शेबा परका माणूस असून येतो, तू तर घरची. गेलेली दिसतात म्हणालीस, तू गेलेली आहेस. त्यात खोट कुठं आहे? खांदा दुखायला लागला तरी मी डोळे उघडले नाहीत. उघडेपर्यंत ती तिथं होती.

मग उघडले.

माशी दाराच्या बरोब्बर मधे बसली होती. खाली नाही, वर नाही, केसाएवढीसुद्धा हललेली नाही. दारात ऊन होतं. आतल्या भिंतीला मॉप टेकवलेला, त्याचं ओलं टोक वर. फरशीवरचं पाणी वाळत होतं. शेबाही नव्हता, मला का दिसेल तो. कुणी नव्हतं. तिच्या घरच्या रीतीप्रमाणं बघायला गेलं तर याहून माझी अशी बंदूक मला जगात कुठं मिळाली नसती.

मी तशीच धरून ठेवली. वजनानं हात भरून आले, माशी दारभर हिंडायला लागली, चौकटीवर, मॉपवर, पुन्हा उन्हात. त्या करवानासारखी, खाली बघत.

मागं दार वाजलं. बाबा उभे होते, कोपरापर्यंत हात ओले. त्यांनी माझ्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडं. रायफल हळूच माझ्या हातातून काढून घेतली.

"माशी?" त्यांनी विचारलं.

"माशी," मी म्हटलं. कुठल्या मुलखातली, ते त्यांनी विचारलं नाही.